स्ट्रोकनंतर इलेक्ट्रो-ॲक्युपंक्चर : नक्की कुठली सूज उतरते?

रानजाई

नमस्कार मंडळी. बाबांना (वय ६८) तीन आठवड्यांपूर्वी स्ट्रोक झाला. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी, त्यामुळे उजवा हात-पाय गेला. सकाळी उठले तेव्हाच जीभ जड होती. रात्री कधी झालं हे कुणालाच सांगता येईना, म्हणून गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता आलं नाही. आता घरी आहेत. पाय थोडा उचलतात, हातात अजून काही नाही. बोललेलं सगळं कळतं, उत्तर देताना शब्द अडतो आणि मग चिडतात.

परवा चुलत भावाने एका ॲक्युपंक्चरवाल्यांना घरी आणलं. सुयांना करंट जोडून उपचार केला की मेंदूची सूज उतरते, त्यावर भरपूर संशोधन झालंय, असं ते म्हणाले. एक बैठक करूनही गेले. पण डिस्चार्ज देताना न्यूरोलॉजिस्ट म्हणाले होते, "सूज उतरली आहे, घरी न्या." मग आता हे उतरवणार ती सूज कुठली?

भावाने आठ शोधनिबंध पाठवलेत. वाचायला बसले. सगळ्यांत एमसीएओ आणि टीएनएफ-अल्फा, सगळ्यांत शेवटी गुण आलेला. मी कॉमर्सवाली. कुणी नीट समजावून सांगेल का? वाद घातलेत तरी चालेल, फक्त त्यात माझा प्रश्न हरवू नका.

पेशीपुराण

हा गोंधळ तुमचा नाही, मराठीचा आहे. दोन वेगळ्या गोष्टींना आपण सरसकट सूज म्हणतो.

एक सूज म्हणजे मेंदूत पाणी साठून तो फुगणं. साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती सगळ्यात जास्त असते आणि पुढच्या आठवडा-दोन आठवड्यांत ओसरते. कवटी हा बंद डबा, त्यामुळे ती जिवावरही बेतू शकते. स्कॅनवर दिसते. तुमच्या न्यूरोलॉजिस्टनी सांगितली ती ही. दुसरी खरं तर सूज नाहीच, तो दाह. रोगप्रतिकारक पेशींनी घातलेला धुमाकूळ. तो नेहमीच्या स्कॅनवर दिसत नाही. भावाने पाठवलेले निबंध या दुसऱ्या गोष्टीबद्दल असणार. दोन्हींचं नातं आहे, कारण दाहाने रक्तवाहिन्यांची भिंत गळकी होते आणि पाणी झिरपतं. पण एक उतरली म्हणजे दुसरा शमला, असं नसतं.

हा दाह होतो कसा? रक्त थांबलं की चेतापेशी मरायला लागतात आणि त्यांच्या आतला माल बाहेर सांडतो. एटीपी, एचएमजीबी१ वगैरे. हे रेणू एरवी पेशीच्या आत असतात. ते बाहेर दिसले म्हणजे घात झाला, एवढं मेंदूतल्या मायक्रोग्लिया नावाच्या राखणदार पेशींना कळतं. त्या बोंब ठोकतात. टीएनएफ-अल्फा, आयएल-१ बीटा, आयएल-६ ही त्या बोंबेची रासायनिक नावं. ती ऐकून रक्तातल्या न्यूट्रोफिल पेशी धावत येतात. पहिले दोन-तीन दिवस त्यांचा जोर असतो. त्यांच्याकडचं एमएमपी-९ हे विकर (एन्झाइम) मेंदू आणि रक्त यांच्यामधला पडदा कुरतडतं. म्हणजे मदतीला आलेल्यांनीच घराचं दार मोडायचं.

पण गोष्ट इथे संपत नाही. पुढच्या काही दिवसांत याच दाहातल्या पेशी राडारोडा उचलायला लागतात, नव्या रक्तवाहिन्या आणि चेतापेशींच्या नव्या जोडण्या यांना मदत करणारे पदार्थ सोडतात. पहिल्या दिवशीचा दंगेखोर दहाव्या दिवशी गवंडीकाम करत असतो. त्यामुळे "दाह कमी होतो" असं कुणी म्हणालं की मी आधी विचारतो, कितव्या दिवशी? तुमच्या बाबांचा तिसरा आठवडा चालू आहे.

खडूसराव

सोपं उत्तर: सुया टोचून मेंदू सुधारत नाही. शरीरावरच्या बिंदूंच्या दोन हजार वर्षांहून जुन्या नकाशाला बॅटरी लावली म्हणून तो जीपीएस होत नाही.

आणि ते "भरपूर संशोधन"! १९९८ साली व्हिकर्स आणि सहकाऱ्यांनी देशोदेशीच्या चाचण्या तपासल्या. चीनमधून आलेली ॲक्युपंक्चरची एकही नियंत्रित चाचणी नापास झालेली नव्हती. एकही! ज्या वर्गात सगळेच पहिले येतात तिथली प्रश्नपत्रिका तपासायची असते, मुलांची पाठ थोपटायची नसते.

सोनचाफा

खडूसराव, आलात का लगेच? माझ्या मावशीला स्ट्रोकनंतर दोन महिने हेच केलं होतं. खांद्याचं दुखणं खूप कमी झालं, झोप लागायला लागली. आम्हाला टीएनएफ माहीत नाही, मावशी माहीत आहे.

आणि चीनमधलं सगळंच रद्दीत घालू नका. २०१६ साली जुनाट बद्धकोष्ठतेवर १,०७५ रुग्णांची आणि २०१७ साली बायकांच्या लघवीवरच्या ताब्यासाठी ५०४ जणींची, अशा इलेक्ट्रो-ॲक्युपंक्चरच्या दोन मोठ्या चाचण्या तिथूनच आल्या. खोट्या सुयांशी तुलना केलेली, आणि छापल्या कुठे? ॲनल्स आणि जामा या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकांत.

खडूसराव

दोन्ही चाचण्या मान्य. पण दोन्ही कमरेखालच्या. आपण कवटीतलं बोलतोय.

पेशीपुराण

खडूसराव, कमरेखालची सुई कवटीत काही करते का, हा विनोदाचा विषय नाही. सगळ्यात रंजक काम तिथेच झालंय.

२००० साली केविन ट्रेसींच्या गटाने दाखवलं की व्हेगस नस (मेंदूकडून हृदय, फुफ्फुसं, पोटापर्यंत जाणारी लांबलचक नस) विजेने चेतवली की उंदरांच्या रक्तातलं टीएनएफ उतरतं. म्हणजे दाहाला चेतासंस्थेचा लगाम आहे. २०१४ साली नेचर मेडिसिनमध्ये एक निबंध आला. रक्तात जंतुसंसर्ग पसरलेल्या उंदरांच्या पायात, गुडघ्याखाली नडगीच्या बाहेरच्या अंगाला जो झुसानली नावाचा बिंदू आहे, तिथे सुई घालून करंट दिला. दाह कमी झाला. व्हेगस कापली की परिणाम गायब. अधिवृक्क ग्रंथी (मूत्रपिंडांवर बसलेल्या) काढल्या की परिणाम गायब. निरोप पायाकडून मेंदूकडे, तिथून व्हेगसमार्गे अधिवृक्काकडे, आणि तिथून सुटणारं डोपामिन दाह शमवतं. कापून बघितलेली साखळी आहे ही, श्रद्धेची गोष्ट नाही.

त्यापुढचं काम चिऊफू मा यांच्या गटाचं, २०२० आणि २०२१ चं. पायाच्या खोल ऊतींत पोचणाऱ्या एका विशिष्ट प्रकारच्या चेतापेशी त्यांनी शोधल्या. त्या असतील तर अर्ध्या मिलिअँपिअरचा हलका करंटही ही साखळी चालू करतो. पोटावर तोच हलका करंट दिला तर ती चालू होत नाही, कारण तिथे त्या पेशींचं तसं जाळं नाही. पोटावर जोरात करंट दिला तर वेगळीच वाट जागी होते, पाठीच्या कण्यातून प्लीहेकडे जाणारी. आणि मुद्दा पुढे आहे. त्या वाटेने दाह कमीही होतो आणि वाढतोही. आजार कुठल्या टप्प्यावर आहे त्यावर ठरतं.

हे सगळं जंतुसंसर्गाने किंवा विष टोचून सर्वांगात दाह उठवलेल्या उंदरांत. स्ट्रोकच्या नव्हे. पण सुईची जागा, सुई किती खोल, करंटचा जोर आणि वेळ यांपैकी काहीही बदललं तर परिणाम बदलतो, इतकं त्यातून नक्की कळतं. "करंट दिला" हे वाक्य "गोळी दिली" इतकंच मोघम आहे. कुठली गोळी?

खडूसराव

हे मला माहीत नव्हतं. सुई काहीतरी करते, एवढं मागे घेतो. नकाशाबद्दलचं नाही.

रानजाई

बाप रे. दोनदा वाचलं, आता कळलं. म्हणजे बाबांना उपयोग होईल की नाही? आणि एमसीएओ राहिलंच.

पेशीपुराण

एमसीएओ : उंदराच्या मानेतल्या धमनीतून बारीक नायलॉनचा दोरा वर सरकवायचा आणि मेंदूच्या मधल्या मुख्य धमनीचं तोंड बंद करायचं. बहुतेक वेळा तासा-दोन तासांनी दोरा ओढून काढतात. मी काही वर्षं हेच करत होतो, दोरा हाताने ओवायला शिकायलाच सहा महिने गेले.

तुमच्या आठ निबंधांत काय असेल ते न बघता सांगतो. उंदीर तरुण, बहुधा नर, धडधाकट, रक्तदाब-साखर काही नाही. सुया डोक्यावरच्या बाइहुई बिंदूत, नाहीतर कोपराजवळच्या चुची आणि पायाच्या झुसानली या जोडीत. करंट स्ट्रोकनंतर काही तासांत सुरू, काही ठिकाणी तर स्ट्रोकच्या आधीच. मग मेंदूचे काप, त्यात टीएनएफ आणि आयएल-१ बीटा कमी, मेलेल्या भागाचं आकारमान लहान. खोटं नाही यात काही. पण जागा असलेला उंदीर स्वस्थ बसत नाही, म्हणून बरेचदा भूल देतात, आणि आयसोफ्लुरेन हे भुलीचं औषध स्वतःच मेंदूचं थोडं रक्षण करतं. नियंत्रण गटाला (तुलनेसाठी करंट न दिलेल्या उंदरांना) तितकाच वेळ तीच भूल दिली होती का, हे मी सगळ्यात आधी शोधतो. निम्म्या वेळा लिहिलेलंच नसतं.

तुमच्या बाबांशी ताडून बघा : वय ६८, गुठळी ओढून काढलेली नाही, तिसरा आठवडा.

रात्रपाळी

स्ट्रोकच्या वॉर्डात काम करते, म्हणून दोन गोष्टी.

पहिली रानजाईंसाठी नाही, बाकी वाचणाऱ्यांसाठी. मोठी धमनी बंद पडली की दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात. इंजेक्शनची खिडकी साडेचार तासांची. निवडक रुग्णांत तारेने गुठळी ओढून काढणं २४ तासांपर्यंत जमतं. झोपेत झालेल्या स्ट्रोकमध्येही एमआरआय बघून काही जणांना इंजेक्शन देता येतं, हे २०१८ पासून माहीत आहे. तोंड वाकडं, हात खाली पडतोय, बोलणं अडखळतंय, की निघायचं. त्या तासांत सुई, मालीश, घरगुती काहीही नको. रानजाई, ही टोचणी तुम्हाला नाही. रात्री झोपलेल्या माणसाचं कुणाला कळतं?

दुसरी गोष्ट दाहाची. "दाह वाईट, म्हणून दाबा" हा प्रयोग माणसांवर करून झालाय, तोही सुयांपेक्षा कितीतरी नेमक्या औषधांनी. एन्लिमोमॅब नावाची प्रतिपिंडं पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीला चिकटूच द्यायची नाहीत. प्राण्यांत सुंदर निकाल होते. २००१ साली ६२५ रुग्णांची चाचणी छापून आली, तर औषध घेतलेल्यांची अवस्था जास्त वाईट, मृत्यूही जास्त. पुढे नॅटालिझुमॅब : मेलेल्या भागाचं आकारमान कमी झालंच नाही. आयएल-१ ला अडवणारं ॲनाकिन्रा : रक्तातली दाहाची मोजमापं छान उतरली, पण तीन महिन्यांनी रुग्ण जास्त बरे झाले असं दिसलं नाही.

हे तिसरं उदाहरण कुणीही "आयएल-६ कमी झालं" म्हणाला की आठवा. रिपोर्टमधला आकडा खाली आला म्हणजे हात वर गेला असं नाही.

अजून एक गुंता आहे. स्ट्रोकनंतर मेंदूत दाह भडकलेला असतो, तेव्हाच उरलेल्या शरीराची प्रतिकारशक्ती मात्र मंदावते. म्हणून आमचे रुग्ण न्यूमोनियाने आजारी पडतात. सरसकट दाह दाबणारं काहीतरी हवं, असं मला तरी त्या वॉर्डात कधी वाटलं नाही.

सोनचाफा

म्हणजे सगळ्यांनी मिळून सुया बाद केल्या. मावशीचा खांदा आम्ही स्वप्नात बघितला बहुतेक.

सांधेजोड

सोनचाफाताई, बाद कुणी केलं? मी फिजिओथेरपिस्ट आहे, खांद्यावर तुमच्याच बाजूने बोलणार.

माझं म्हणणं एवढंच की दाह हा शब्दच थोडा वेळ बाजूला ठेवा. तिसऱ्या आठवड्यात घरी बसून तो मोजताही येत नाही. मोजता येतं ते हे : खांदा दुखतो का, बोटं ताठ होतात का, गिळताना ठसका लागतो का, किती पावलं टाकली. मावशींचा खांदा कमी दुखला, व्यायाम करता आला, झोप लागली, हा खरा फायदा आहे. त्याला मेंदूची सूज उतरल्याचं प्रमाणपत्र लागत नाही. वेदनेवर विजेच्या सुईचं काम बऱ्यापैकी समजलेलं आहे. पेकिंग विद्यापीठाचे हान चिशंग यांनी दाखवलंय की २ हर्ट्झला एंडॉर्फिन, एन्केफॅलिन सुटतात आणि १०० हर्ट्झला डायनॉर्फिन. शरीर स्वतःची वेदनाशामकं काढतं, कुठली ते वारंवारितेवर.

स्ट्रोकनंतरच्या पुनर्वसनात ॲक्युपंक्चरचा उपयोग होतो का, यावर २०१६ चा कॉक्रेन आढावा (सगळ्या चाचण्या एकत्र तपासणारा) आहे. ३१ चाचण्या, २,२५७ रुग्ण. अपंगत्व, गिळणं, काही ठिकाणी सुधारणा दिसते. पण बहुतेक चाचण्या कच्च्या, खोट्या सुईशी तुलनाच नाही, त्यामुळे ठाम काही म्हणता येत नाही, असा निष्कर्ष. (खोटी सुई म्हणजे नाटकातल्या खंजिरासारखी, टोचल्याचं वाटतं पण मुठीत सरकते. १९९८ पासून आहे.)

आता मला सगळ्यात मोलाची वाटणारी चाचणी. सुयांची नाही, पण व्हेगसचीच. २०२१, लॅन्सेट, १०८ रुग्ण, स्ट्रोक होऊन नऊ महिने ते दहा वर्षं झालेली. मानेत व्हेगसवर उपकरण बसवलं. सहा आठवडे रुग्ण हाताचा व्यायाम करतोय आणि प्रत्येक हालचालीच्या क्षणी थेरपिस्ट बटण दाबून नस चेतवतोय. हाताच्या मोजपट्टीवर त्यांची सुधारणा सरासरी ५ गुणांची. उपकरण बसवलेलं, व्यायामही तितकाच, पण चेतवणी नाममात्र, अशांची २.४. चेतवणी हालचालीला बांधलेली होती, हे लक्षात घ्या. रुग्ण पलंगावर पडून छताकडे बघतोय आणि सुया आपलं काम करताहेत, असं ते नव्हतं.

रानजाई, त्या गृहस्थांना विचारायचे प्रश्न देतो. व्यायामाच्या आधी करणार की व्यायामाऐवजी? करंट कुठला? (उलटसुलट धावणाऱ्या लहरी हव्यात. एकाच दिशेचा सलग करंट सुईभोवतीच्या ऊती जाळतो.) उजव्या हाताला स्पर्श, चटका कळतो का हे तपासलं का? संवेदना नसलेल्या हाताला करंट जास्त झाला तरी बाबा सांगू शकणार नाहीत, त्यात शब्द अडतोय. पेसमेकर आहे का, कधी फिट आली का, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कुठल्या, हे त्यांनी न विचारताच सुया काढल्या असतील तर तिथेच नमस्कार करा. सुया निर्जंतुक, एकदाच वापरायच्या. छातीच्या आरपार करंट जाईल अशी जोडणी नको.

खडूसराव

सांधेजोड, +१. मी नुसतंच "नको" म्हणालो असतो, त्याने कुणाचं भलं झालं नसतं. एक भर : किती बैठकांनंतर काय दिसलं नाही तर थांबायचं, हे सुरुवातीलाच लिहून घ्या. न दिसणारी सूज उतरवणारे लोक थांबायचं कधी ते सांगत नाहीत, कारण ती उतरली का हे कुणीच बघू शकत नाही.

रात्रपाळी

आणि ॲस्पिरिन, स्टॅटिन, रक्तदाबाची गोळी यांतलं काही कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नका. "आता सुया चालू आहेत ना" म्हणून गोळ्या सोडलेले आणि दुसरा झटका घेऊन आलेले रुग्ण मी पाहिलेत.

रानजाई

सगळ्यांचे आभार. बारा दिवसांनी लिहितेय, दम घ्यायला सवड नव्हती.

प्रश्न विचारले. पेसमेकर आणि फिटबद्दल त्यांनी खरंच विचारलं नव्हतं. ॲस्पिरिन ऐकून "काही होत नाही" म्हणाले. तरी मी त्यांना करू दिलं असतं, पण "महिनाभर फिजिओ बंद ठेवा, शरीर दोन दिशांना ओढलं जातं" म्हणाले, तिथे मी हात जोडले. न्यूरोलॉजिस्टना फोन केला. त्यांनी सरळ सांगितलं : खांदा दुखायला लागला तर प्रशिक्षित माणसाकडून जरूर करा, माझी हरकत नाही, पण मेंदूतल्या दाहासाठी म्हणून मी सांगणार नाही.

भाऊ रुसलाय. आणि गंमत बघा, काल सकाळी बाबांची उजवी तर्जनी हलली. स्वतःहून, दोनदा. मी रडले, आई रडली, बाबा आमच्याकडे बघून चिडले. भावाला कळवलं तर तो म्हणतो, "एकाच बैठकीत एवढं, महिनाभर केलं असतं तर?" आता याला काय उत्तर देऊ?

पेशीपुराण

अभिनंदन! उत्तर असं की पहिल्या तीन महिन्यांत बरंचसं आपोआप परततं. त्या काळात जो जे करत असतो त्याला श्रेय मिळतं. सुई, फिजिओ, नवस, सगळ्यांना. म्हणूनच तर तुलनेचा गट लागतो. भावाशी भांडू नका, तो त्याच्या परीने धडपडतोय.

सोनचाफा

वाचून डोळे भरले गं. भावाला माझ्याकडे पाठव, मी समजावते. खडूसरावांकडे नको.

सांधेजोड

रानजाई, एक बघून सांगा. बोट आत वळतं, की बाहेर सरळही होतं? हात मांडीवर उताणा नाही, पालथा ठेवा, मनगटाखाली टॉवेलची घडी, आणि बाबांना बोटं वर उचलायला सांगा. वळणं सहसा आधी येतं. सरळ होत असेल तर उद्यापासून व्यायाम बदलू.

रानजाई

आत्ता झोपलेत. उठले की बघते.

रानजाई

सरळ होतंय. अगदी थोडं, पण होतंय. अंगठा नाही. व्हिडिओ व्यनित पाठवलाय.